अडगळबाईंचा फळा

अडगळबाई हे नाव त्यांना आईवडलांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच. ते ठेवलं अध्यापक महाविद्यालयातल्या चहाच्या खोलीने. त्या खोलीने आजवर पुष्कळांची नावं पाडली, आणि ज्यांना आपलं नाव कळलं ते चार-आठ दिवस चहा घरूनच पिऊन येऊ लागले. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'अडगळ विभाग. आत यावे, पण काही टाकून देऊ नये.' चिडवायचं तर समोरचा चिडावा लागतो. बाई चिडेचनात, तेव्हा चहाच्या खोलीची सगळी मजा गेली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

कागदोपत्री त्या शैक्षणिक वस्तुसंग्रहाच्या प्रमुख होत्या. प्रमुख म्हणजे एकट्याच. हाताखाली कोणी नाही, त्यामुळे कुणाशी वाजायचा प्रश्नही नाही. वरच्या मजल्यावरचं लांबलचक दालन त्यांच्या ताब्यात होतं. एखादी शाळा नवी बाकं घेते, एखादी नव्या इमारतीत जाते, एखादी मुलंच उरली नाहीत म्हणून बंद होते. अशा वेळी दाराबाहेर जे फेकलं जातं, ते भंगारात जाण्याआधी गाठायचं हे बाईंचं काम. एक भंगारवाला तर लांबून बाई येताना दिसल्या की आपणच ओरडायचा, "घंटा बाजूला काढून ठेवलीय मॅडम, आल्या आल्या भांडू नका!"

त्यांचं म्हणणं साधं होतं. शाळेचा इतिहास म्हटला की लोक मुख्याध्यापकांच्या तसबिरी आणि निकालाचे तक्ते काढतात. पण पोराने शाळेत दहा वर्षं काढली ती तसबिरीत नाही, बाकावर काढली. तेव्हा बाक बघा की जरा. दौतीसाठी भोक पाडलेला बाक, त्या भोकात बोट अडकलेल्या पोराला सोडवताना करवतीने कापलेला बाक, खालच्या अंगाला चघळून चिकटवलेल्या गोळ्यांचे थर असलेला बाक. हा शेवटचा दाखवायला बाई हातआरसा ठेवत. पाहुण्यांना वाकायला लावत नसत, आरसा बाकाखाली धरून म्हणत, "बघा, तीन पिढ्यांची मेहनत आहे."

भिंतीवर गुंडाळीचा एक मोठा नकाशा होता. त्यावर सगळं जग जागच्या जागी होतं, फक्त एका ठिकाणी भोक. प्रत्येक वर्षी प्रत्येक पोराने 'आपलं गाव कुठे' म्हणून तिथेच बोट ठेवलेलं, त्यामुळे आपलं गाव तेवढं झिजून नाहीसं झालेलं. कोपऱ्यात शास्त्राच्या तासाचा सांगाडा उभा होता, त्याचा उजवा पंजा कुणीतरी पळवलेला. शेजारच्या खोक्यात एका मुख्याध्यापकांच्या कपाटात सापडलेला जप्तीचा माल होता. गलोली, भोवरे, शिट्ट्या, आरशाचे तुकडे आणि एक खोटी मिशी. त्या मिशीबद्दल बाईंकडे तीन गोष्टी होत्या. कुठली सांगायची ते पाहुण्याच्या तोंडाकडे बघून ठरायचं.

आणि तिसऱ्या रांगेत एक बाक होता, त्यावर कंपासच्या टोकाने कोरलं होतं, 'बेडूक'. शेजारी डोळे वटारलेलं चित्र. हा बेडूक म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून आताचे प्राचार्य, हे सगळ्या महाविद्यालयाला माहीत होतं. प्राचार्यांनी त्या बाकाला रंधा मारून पॉलिश करायची सूचना दोनदा केली होती. बाईंनी दोन्ही वेळा "बघते हं सर" म्हटलं होतं आणि खरोखरच रोज बघत होत्या.

घरी मात्र बाईंचं इतकं चालत नसे. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. माणूस शांत, थट्टेखोर, लग्नाला तयार कसा झाला याचं उत्तर अजून त्यालाही सापडलेलं नाही. "एक लक्षात ठेव," तो म्हणायचा, "माझ्या दुकानातल्या जुन्या फ्रेमी उचलायच्या नाहीत. त्या इतिहास नाहीत, त्या अजून विकायच्या आहेत."

खरा मामला सासूबाईंचा. सासूबाई गणिताच्या शिक्षिका, नोकरीचं सगळं आयुष्य एकाच शाळेत, अख्ख्या शहराच्या 'मोठ्या बाई'. त्यांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण रस्त्यात त्या दिसल्या की पोट सुटलेले, टक्कल पडलेले लोक अजून सायकलवरून खाली उतरत आणि खिशातले हात बाहेर काढत. अशा बाईची सून जुनी बाकं गोळा करते, हे त्यांना मुळीच पटत नव्हतं.

"शाळा म्हणजे मुलं," त्या म्हणायच्या. "मुलं गेली, शाळा संपली. राहिलेल्या लाकडाला काय ओवाळत बसायचं?"

"आई, एकदा येऊन बघा तरी."

"मी जन्मभर बघितलंय ते. माझ्या गुडघ्यांना विचार, प्रत्येक बाकाचा कोपरा ओळखतात."

सुनेने वर्षानुवर्षं बोलावलं आणि सासूने वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नाही. दोघी एकाच घरात, एकाच ओट्यापाशी, एकमेकींचा चहा अगदी हवा तसा करणाऱ्या. फक्त या एका विषयावर दोघींचं तोंड दोन दिशांना.

आता त्या फळ्याकडे येऊ.

शहराच्या कडेला दोन खोल्यांची एक शाळा होती. पोरं कमी होत होत ती एक दिवस बंद झाली. शेवटच्या दिवशी तिथल्या शिक्षकांनी फळ्यावर पानाची आकृती काढली होती. देठ, मधली शीर, बारीक शिरा, कडा, प्रत्येकाला बाण आणि प्रत्येक बाणापुढे सुबक अक्षरात नाव. शेवटचा बाण टोकाकडे गेलेला, पण त्याच्यापुढे काही नाही. तेवढ्यात कुलूप लावायला माणसं आली असावीत. वरच्या कोपऱ्यात वर्गप्रमुखाने 'बोलणारी मुले' असं लिहून खाली फक्त 'कोणी नाही' लिहिलं होतं. आणि उजव्या हाताला खाली, चौकटीत, गुरुजींनी लिहिलं होतं, 'पुसू नये'.

बाईंनी हे खिडकीतून पाहिलं आणि त्यांचे पाय तिथेच खिळले. किल्ली मिळवायला त्यांनी किती जणांचं डोकं खाल्लं ते विचारू नका. किल्ली मिळाली, सुतार मिळाला, भिंतीतून फळा चौकटीसकट सुटा झाला. पण खडूचं लिखाण ते, हात लागला की गेलं, कापड लागलं की गेलं, वारा लागला तरी थोडं जाणार. गुंडाळायची सोय नाही. तेव्हा टेम्पोत फळा उभा केला, तोंड आतल्या बाजूला, आणि टेम्पो माणसाच्या चालीने शहरातून निघाला. बाई मागच्या फळीवर उभ्या. खड्डा आला की त्या ड्रायव्हरला ओरडत, "हळू! पान हलतंय!" मागून हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांना काय कळणार कुठलं पान आणि कसलं हलतंय. ड्रायव्हर पुढे कित्येक दिवस ती गोष्ट सांगून चहा फुकट पीत होता.

फळा दालनाच्या दर्शनी भिंतीवर लागला. खडूवर काही फवारायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं, फवाऱ्याने रंग बदलतो. समोर थोडं अंतर सोडून काच बसवायची. काचवाल्याने माप नेलं, आणि काचवाले जे सांगतात तेच त्यानेही सांगितलं. "उद्या."

तो उद्या काही उजाडेना. तेवढ्यात समितीची तारीख ठरली.

झालं होतं असं, की महाविद्यालयाला परिषदांसाठी एक मोठी खोली हवी होती, आणि प्राचार्यांचं मत वरच्या दालनासारखी दुसरी खोली नाही असं पडलं. मग संग्रह कुठे जाणार? तर तळघरात. तळघराच्या भिंतींना बाराही महिने ओल. तिथे लाकूड फुगणार, कागद कुजणार आणि अडगळ खरोखरच अडगळ होणार. बाईंनी हरकत घेतली, ती वर गेली, आणि वरून तीन माणसांची समिती नेमली गेली. समिती येऊन दालन बघणार आणि जागेवर निर्णय देणार. बाईंचा सगळा भरवसा त्या फळ्यावर होता. बाकं काय, कुठल्याही जुन्या शाळेत दिसतील. पण थांबलेला तास दुसरीकडे कुठे दिसणार? आत आल्या आल्या समोर तो अर्धा राहिलेला बाण दिसला की तिघेही गप्प होतील, आणि गप्प झालेली समिती तळघराचं नाव काढायची नाही, असा त्यांचा हिशेब.

आदल्या दिवशी दुपारी, ध्यानीमनी नसताना, दालनाच्या दारात सासूबाई उभ्या. हातात पर्स, नाकावर लेकाने दिलेली नवी फ्रेम.

"बघू म्हटलं," त्या म्हणाल्या. "उद्या तुझं सगळं तळघरात गेल्यावर जिने कोण उतरणार?"

अडगळबाई शिडीवर होत्या, त्या जवळजवळ खाली पडल्याच. मग त्यांनी सासूला दालन दाखवलं. नकाशातलं भोक दाखवलं, हातआरसा दाखवला, मिशीची सभ्य गोष्ट सांगितली. सासूबाई पर्स सावरत मागून चालत होत्या. 'बेडूक' वाचून मात्र त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "शून्याने भागता येत नाही, हे याला शिकवायचा मी प्रयत्न केला होता," त्या म्हणाल्या. "अजून भागतोय वाटतं." मग त्या शेवटच्या रांगेतल्या एका बाकावर बसल्या. आयुष्यभर त्या त्या बाकांच्या समोर उभ्या होत्या, त्यावर बसल्या कधीच नव्हत्या. दोन्ही हात बाकावर ठेवून त्या समोरच्या फळ्याकडे बघत राहिल्या.

खालून निरोप आला, काचवाल्याचा फोन. बाई म्हणाल्या, "आई, बसा निवांत. मी आलेच. निघालात तर दार तेवढं ओढून घ्या."

काचवाला म्हणाला उद्या. बाई म्हणाल्या उद्या समिती आहे. काचवाला म्हणाला मग परवा. बाईंनी त्याच्या आधीच्या सगळ्या उद्यांचा उद्धार केला आणि त्या जिना चढून वर आल्या, तर सासूबाई समोरून येत होत्या. दार नीट ओढून घेतलेलं. चेहरा कधी नव्हे इतका मऊ.

"निघाले गं," त्या म्हणाल्या. "बरं मांडलंयस. खरंच बरं मांडलंयस."

लग्न झाल्यापासून सासूच्या तोंडून पहिल्यांदाच कामाचं कौतुक ऐकलं होतं. पण ते बाईंच्या कानात शिरलंच नाही. सासूबाई बोलता बोलता दोन्ही तळवे एकमेकांवर झाडत होत्या, दोनदा, तीनदा, आणि जिन्याच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्या तळव्यांमधून पांढरी पूड उडत होती.

 बाई धावत आत गेल्या. फळा स्वच्छ होता. नुसता स्वच्छ नाही, असा स्वच्छ की कुठल्याही शिक्षकाने येऊन ताबडतोब तास सुरू करावा. फळ्याबरोबरच त्या शाळेतून आलेलं डस्टर चौकटीच्या कडेला, लाकडी बाजू वर करून, व्यवस्थित ठेवलेलं.

सासूबाई मागोमाग आल्या. सुनेच्या तोंडाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मी पुसला?" त्यांनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या. "अगं, मी... मी बाकावरून उठले, पर्स घेतली, आणि निघाले. मी कधी पुसला?"

"त्यावर 'पुसू नये' लिहिलं होतं, आई."

"ते सगळेच लिहितात! आधीच्या तासाचे सर रोज लिहून जायचे. त्यांचं ऐकत बसले असते तर मी पोरांना बेरीज तळहातावर शिकवली असती." आवाज चढला आणि मध्येच खाली आला. "वर्गातून निघताना फळा पुसायचा. पुढच्या तासाला येणाऱ्याला आपला पसारा दिसू द्यायचा नाही."

"पुढचा तास नव्हता, आई."

सासूबाई मटकन पुढच्या बाकावर बसल्या. शहरातल्या टकल्या लोकांनी त्यांना या अवस्थेत पाहिलं असतं तर सायकलीसकट पळ काढला असता.

अशा वेळी प्राचार्य यायचेच. ते आले, मोठ्या बाई दिसताच त्यांनी सवयीने खिशातून हात काढले, प्रकार कळताच कपाळाला लावले. पण प्राचार्य झालेला माणूस उपायाशिवाय राहत नाही.

"फोटो काढलेला आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर! फोटो बघून परत लिहा. तेच पान, तेच बाण. कुणाला कळतंय?"

दालनाचा उद्याच निकाल लागणार असताना प्राचार्यांनीच वाट दाखवावी, याचं बाईंना क्षणभर नवल वाटलं. पण कारण उघड होतं. निर्णय काय व्हायचा तो होवो, समितीसमोर महाविद्यालयाची शोभा व्हायला नको.

सासूबाईंनी मान वर केली. "मी लिहिते. फळ्यावरचं माझं अक्षर अजून तसंच आहे. गुरुजींचं वळण उचलायला मला वेळ लागायचा नाही. सूनबाई, खडू दे."

खडू बाईंच्या हाताशीच होता, खोकं उघडं होतं. नुसता हात पुढे करायचा होता. फोटोत प्रत्येक रेघ स्पष्ट दिसत होती. उद्या समिती येणार, बघणार, गप्प होणार, दालन वाचणार. आणि बाईंच्या डोळ्यांसमोर तो दिवस आला जेव्हा कोणी विचारील, 'हे खरं आहे ना हो?' आणि त्यांना आधी एक आवंढा गिळावा लागेल.

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "इथे सांगाड्याला पंजा नाही, नकाशाला गाव नाही, पण जे आहे ते खरं आहे. माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नाही, सर. आज हे खोटं लिहिलं तर उद्या सगळ्या बाकांवर कुणीही शंका घेईल."

"अहो, पण एवढंसं पान!"

"चालेल. मग असं करते, पान लिहून घेते, आणि तिसऱ्या रांगेतला बेडूकही रंधा मारून काढते. त्या जागी 'प्राचार्य' कोरते. तेही कुणाला कळणार नाही."

प्राचार्य लाल झाले. मोठ्या बाईंसमोर आवाज चढवायची सोय नव्हती. "मग रिकामा फळा दाखवा," एवढंच म्हणून ते निघाले. "आणि तळघराची किल्ली तयार ठेवा."

संध्याकाळी घरात शुकशुकाट. नवऱ्याने एक विनोद करून पाहिला, कुणी हसलं नाही, तेव्हा तो मुकाट्याने भांडी घासायला उभा राहिला. हे त्या घरात कधी न घडलेलं, तरी त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, याचं त्याला पुढे फार वाईट वाटलं.

"ओरड तरी माझ्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"ओरडून काय होणार?" सून टेबलावर कोपरं टेकून बसली होती. मघापासून तिच्या डोळ्यांसमोर तो पुसलेला फळा होता. त्यावर उभे पट्टे होते, एकाला एक लागून, सगळे एका रुंदीचे. "आई, तुम्ही वरून खाली पुसलात?"

"मग काय आडवा पुसू? आडवं पुसलं की पूड उडते, ती पहिल्या बाकावरच्या पोरांच्या नाकात. वरून खाली यायचं, खाली आलं की डस्टर उचलायचं, मग दुसरा पट्टा. आणि घासायचं नाही, ओढायचं." बोलता बोलता त्यांचा हात हवेत चालू लागला होता. "नव्या बाईंना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. तास घेणं काय, हळूहळू येतंच."

सून सरळ बसली. तिच्या दालनात डस्टर होतं, खडू होते, फळा होता. पण हा हात नव्हता. तो रोज तिच्यासमोर चहा गाळत होता, आणि तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"उद्या सकाळी तुम्ही मला दालनात हव्यात," ती म्हणाली.

"मला? तोंड दाखवायला?"

"नाही. प्रदर्शनात ठेवायला."

"चावट आहेस," सासूबाई म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांनी चांगली साडी इस्त्री करून ठेवली.

सकाळी समिती आली. अध्यक्षीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ, आवाजाला धार. सोबत दोन सर. एक जाड भिंगांचे, ते कधीकाळी शाळा तपासत फिरायचे. दुसरे बारीक आवाजाचे, हस्तकलेचे. प्राचार्य मागे, तळघराची किल्ली खिशात.

आत शिरताच तिघांच्याही नजरा समोरच्या रिकाम्या फळ्यावर गेल्या. त्याच्या एका बाजूला फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हा फोटो आहे, फळा नाही.' दुसऱ्या बाजूला छोट्या काचेच्या पेटीत ते डस्टर, पूड न झाडता ठेवलेलं. आणि मध्ये अडगळबाईंनी सकाळी लिहिलेली पाटी:

'बंद झालेल्या एका शाळेचा शेवटचा तास या फळ्यावर होता. काल तो एका शिक्षिकेने पुसला. त्यांना ते कळलंही नाही, कारण वर्गातून निघताना त्यांनी जन्मभर फळा पुसला होता. शेवटचा तास डस्टरमध्ये आहे. पुसणाऱ्या बाई पहिल्या बाकाशेजारी उभ्या आहेत. त्यांना विचारावे.'

अध्यक्षीणबाईंनी पाटी दोनदा वाचली. मग मोठ्या बाईंकडे वळल्या. "तुम्ही पुसलात?"

"हो," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स अशी धरली होती की जणू कुणी तीही जप्त करणार आहे. "वरून खाली."

"आडवा नाही?" बारीक आवाजाच्या सरांनी विचारलं.

"आडवा कशाला? पोरांच्या नाकात पूड घालायला?"

"आमच्याकडे आडवाच पुसायचे हो. आडवा पटकन होतो."

"पटकन होतो आणि पटकन शिंका येतात. तुमची मुलं तासभर शिंकत असतील."

"शिंकायची खरी," सर म्हणाले आणि थोडे खजील झाले.

जाड भिंगांचे सर पुढे सरसावले. तपासणीच्या दिवशी फळा ओल्या कापडाने पुसून घ्यायचे, म्हणजे काळा कुळकुळीत दिसतो, असं त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. झालं. मोठ्या बाई कडाडल्या, "म्हणूनच! तुम्ही येऊन गेलात की पुढे आठ दिवस त्यावर खडू उठायचा नाही! आम्ही तुम्हाला काय काय म्हणायचो ते इथे सांगत नाही." अध्यक्षीणबाई हसल्या. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्या फळा पुसायला रोज ज्याने गृहपाठ केला नाही त्याला उभं करायच्या, आणि पुढे कळलं की एक पोरगा फळा पुसायला मिळावा म्हणून मुद्दाम गृहपाठ करत नव्हता. मग सगळ्यांनाच काही ना काही आठवायला लागलं. कोण खडू मधोमध मोडून लिहायचं म्हणजे तो कर्कश्श वाजत नाही, कोण डस्टर भिंतीवर आपटायचं आणि भिंतीवर पांढरे चौकोन उमटायचे. अडगळबाईंनी एका बाकावर बसून सगळं टिपून घेतलं. चहा आला तो तसाच निवला. सांगाडा आणि मिशी यांच्याकडे कुणी बघितलंही नाही. प्राचार्य मागच्या बाकावर बसून घड्याळ बघत होते. तेवढ्यात मोठ्या बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "तू कसा पुसायचास रे?" आणि प्राचार्य पटकन उभे राहून म्हणाले, "वरून खाली, बाई."

अडगळबाई मग उठल्या. "मला एवढंच सांगायचंय," त्या समितीला म्हणाल्या. "फळा मी वाचवू शकले नाही. पण आत्ता तुम्ही जे केलंत ते या वस्तू समोर होत्या म्हणून केलंत. तळघरात कुणी असं उभं राहणार नाही. तिथे वस्तू कुजतात आणि सवयी त्यांच्याही आधी जातात."

अध्यक्षीणबाई फळ्यासमोर उभ्या होत्या. बोलत बोलत त्यांचा हात खडूच्या खोक्याकडे गेला. अडगळबाई पुढे धावल्या. "अहो मॅडम, ती वस्तू संग्रहातली..." पण शिक्षकाच्या हातात खडू आणि समोर स्वच्छ फळा आला, की काही वर्ज्य राहत नाही. अध्यक्षीणबाईंनी वर तारीख घातली. खाली टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'संग्रह याच दालनात राहील.' खाली सही केली. बाकी दोघांनीही निमूट सह्या केल्या, उंचीप्रमाणे एकाखाली एक, जणू वर्गातच उभे आहेत. मग अध्यक्षीणबाई थांबल्या, त्यांनी आपण काय केलं ते पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

"मी तुमच्या संग्रहावर लिहिलं!"

"हो," अडगळबाई म्हणाल्या. त्यांना रागवावं की नाचावं ते कळत नव्हतं. "आता मलाही काच बसवल्याशिवाय गत्यंतर नाही."

"थांबा मग," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी उजव्या कोपऱ्यात खाली चौकट काढून आत लिहिलं, 'पुसू नये'.

प्राचार्यांनी किल्ली गुपचूप शिपायाच्या हातात दिली. समिती जिना उतरू लागली, तरी आडवं-उभं चाललंच होतं. काचवाल्याला त्या दिवशी असा फोन गेला की तो उद्या म्हणाला नाही, 'निघालोच' म्हणाला.

दालनात सासू आणि सून राहिल्या. सुनेने खिडक्या लावल्या, बाकं रांगेत सरकवली.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "तू पुढे हो. मी येते."

"नाही आई. आधी तुम्ही."

सासूबाईंनी फळ्याकडे बघितलं, डस्टरच्या काचपेटीकडे बघितलं, आणि पर्स काखेत मारून दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. तशाच, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारख्या, त्या दारातून बाहेर पडल्या.